मधल्या माणसाचा पगार

४ मे

ताई,

आधी कामाचं लिहिते, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

सोबत बँकेचा एक कागद आहे. जिथे पेन्सिलीने बारीक फुली केली आहे तिथे सही करायची, खाली तारीख घालायची आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या प्रती जोडायच्या. परतीच्या पाकिटावर पत्ता लिहून तिकीट लावून ठेवलं आहे. पंधरा जूनच्या आत बँकेत द्यायचं आहे.

बाबांच्या खांद्याचं आईने तुला सांगितलंच असेल. लिफ्टच्या मशीनच्या खोलीतून उतरताना शिडीवरून पडले, तेव्हापासून उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. कंपनीने काढलं नाही, सुट्या भागांच्या खिडकीवर बसवलं आहे, पण पगार निम्मा केला. निम्म्या पगारावर त्यांचा एकट्याचा जामीन आता बँकेला पुरत नाही. माझ्या तिसऱ्या वर्षाचे ऐंशी हजार मिळायचे असतील तर घरातलं आणखी एक कमावतं माणूस हवं. घरातलं आणखी कमावतं माणूस म्हणजे आई, पण तिला झेरॉक्सच्या दुकानात पगारपत्रक मिळत नाही. मग तूच राहिलीस.

दोन वर्षांचे एक लाख साठ हजार घेऊन झाले आहेत. इथे थांबले तर कर्ज राहील आणि पदवी नसेल. मी तीन प्रकारे हिशेब करून पाहिला, तिन्ही प्रकारे तो वाईटच येतो.

फक्त सहीच आहे, ताई. हप्ते मीच भरणार आहे. जामीनदाराला सहसा कुणी बोलावत नाही असं बँकेतले कारकून म्हणाले. फॉर्म खरं तर पाच पानांचा आहे, पण पहिली चार नुसती नियमांची आहेत. पाकीट जड होईल म्हणून सहीचं पानच तेवढं पाठवलं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही.

तुझी धाकटी


१९ मे

ताई,

पत्र पोचलं असेल. पोस्टातल्या बाई म्हणाल्या चार दिवस लागतात, आज पंधरावा.

घाई करायची म्हणून लिहीत नाही. थोडी घाई आहेच.

सुट्टीत मला कॉलेजातच काम मिळालं आहे. नोकरी-मार्गदर्शन विभागात, फोन करण्याचं. तीन वर्षांपूर्वी संख्याशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या दोनशे बारा जणांची यादी माझ्यासमोर असते. मी एकेकाला फोन लावून तीन गोष्टी विचारते: नोकरी आहे का, महिन्याला किती मिळतात, आणि कामाचा शिकलेल्या विषयाशी काही संबंध आहे का. त्यातून जो आकडा निघतो तो कॉलेजच्या माहितीपत्रकात छापतात. तेच ते निळं माहितीपत्रक, जे पाहून मी प्रवेश घेतला. ते असं बनतं हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी मोठी माणसं कुठेतरी बसून ठरवत असतील असं वाटायचं. प्रत्यक्षात एक टेबल, एक फोन, एक पंखा आणि मी.

आमच्या विभागाच्या बाईंचा नियम आहे: तीन कॉल, मग काट. तीनदा उचलला नाही तर यादीतलं नाव खोडायचं आणि पुढे जायचं. "जे उचलत नाहीत ते मजेत असतील गं," बाई म्हणतात, "कामात असतील. रिकामा माणूस पहिल्या घंटीला उचलतो."

पण जे उचलतात त्यांचंही ऐक. एक जण शीतगृहात मालाच्या पेट्या मोजतो. मी उत्पन्न विचारलं तर म्हणाला, "आधी मला सांगा, हा फोन कुणाच्या पैशाने चाललाय? माझ्याच हप्त्यातून ना? मग जरा निवांत बोलू या." आणि खरंच वीस मिनिटं बोलला, पगार सोडून सगळं. शेवटी म्हणाला, "माझं लिहू नका. माझ्या आईला माहितीपत्रकं वाचायची सवय आहे." एक मुलगी शिकवण्या घेते. "किती लिहू?" विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला किती बरं वाटेल तेवढं लिहा."

मी रिकामी जागा सोडली. रिकामी जागा म्हणजे काट.

तुला मी आत्तापर्यंत एकोणीस फोन केलेत. आमच्या नियमाने तुझं नाव सहा वेळा खोडून झालं असतं.

आई एप्रिलमध्ये बोलता बोलता म्हणाली होती की तू दुपारचा डबा स्वतःच करतेस आणि पैसे साठवतेस. कशासाठी ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तुझी धाकटी


१ जून

ताई,

आज रविवार. आई दुकानात गेली आहे, परीक्षांचे दिवस आहेत ना, मुलं नोट्स काढायला रांग लावतात. बाबा खिडकीजवळ बसून डाव्या हाताने दाढी करायला शिकताहेत. गालावर तीन पट्ट्या आहेत. मी हसले तर म्हणाले, "हस, मोजपट्टी. मोज किती लागलं ते." अजून मोजपट्टीच म्हणतात मला. तूच ठेवलेलं नाव.

कपाट आवरत होते. दाराला आतून तो कागद अजून आहे.

तुला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आपण चौघं त्याच टेबलाशी बसलो होतो. तुझं दातांच्या कवळ्या बनवायच्या कोर्सचं पहिलं वर्ष झालं होतं. ते तू बुटांच्या दुकानात चार वर्षं गल्ल्यावर बसून स्वतःच्या पैशाने केलं होतंस. दुसऱ्या वर्षाला साठ हजार हवे होते आणि तुझ्याकडचे संपले होते. मला त्याच आठवड्यात प्रवेशाचं पत्र आलं होतं. बाबांच्या पगारावर जामीन एकाच कर्जाला मिळणार होता. मग बाबा म्हणाले, "मोजपट्टीला विचारा. तिला गणितं येतात."

मी दोन दिवस मागून घेतले आणि एक पान केलं. वर दोन रकाने, एक तुझा, एक माझा. शिक्षणाला किती कर्ज, शिकल्यावर महिन्याला किती मिळतील, न शिकता किती मिळाले असते, आणि वरच्या कमाईतून कर्ज किती महिन्यांत फिटेल. तुझं साडेआठ महिन्यांत, माझं आठ. अर्ध्या महिन्याचा फरक. मी ते वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली. आई दुसऱ्या दिवशी त्याच्या चार प्रती काढून आली, एकीवर प्लास्टिक चढवून. तिला एक अक्षर वाचता येत नाही. दिवसाला हजार पानं काढते आणि एकही वाचत नाही. पण ते पान तिने दाराला लावलं, कारण ते घरातल्या मुलीने केलं होतं.

तू तुझी प्रत घडी करून पर्समध्ये ठेवलीस आणि आठवड्याने कोर्स सोडून दातांच्या लॅबमधल्या नोकरीला दुसऱ्या गावी गेलीस.

मला एवढंच सांगायचं आहे की त्या पानावरचे आकडे सगळे छापील होते. तुझ्या कॉलेजच्या आणि माझ्या कॉलेजच्या माहितीपत्रकांतून जसेच्या तसे. एकही मी मनाने घातला नव्हता. हे मी शपथेवर सांगू शकते.

विभागात काम संपत आलं. दोनशे बारापैकी अठ्ठ्याऐंशी जणांनी उत्तरं दिली. बाईंना म्हटलं, पत्रकात हेही छापू या की एवढ्यांनीच सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पानावर जागा कुठे आहे? आणि वाचतं कोण?"

मी वाचते, म्हणणार होते. पुढचा नंबर लावला.

पंधरा तारीख लक्षात आहे ना?

धाकटी


११ जून

ताई,

आलं. आज दुपारी आलं. सही आहे, तारीख आहे, तिन्ही पगारपत्रकं आहेत. चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, तर पांढरी भुकटी पडली. प्लास्टर असणार.

तुझी सही बदलली आहे. आधी शेवटच्या अक्षराला शेपूट असायचं.

चार पानांबद्दल तू काहीच विचारलं नाहीस.

पगारपत्रकावर तुझ्या कामाचं नाव "मदतनीस (साचे)" आहे. तू आईला सांगत होतीस की दात बसवतेस.

परवा बँकेत देते. उपकार झाले, असं लिहिलं तर तुला राग येईल, म्हणून लिहीत नाही.

तुझी धाकटी


१३ जून

ताई,

हे पत्र मी बँकेबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. गुडघ्यावर वही आहे, म्हणून अक्षर असं आलंय.

माझा टोकन नंबर सत्तेचाळीस होता. माझ्या पुढे अकरा जण होते, म्हणून मी फॉर्म परत एकदा तपासायला घेतला. पाचही पानं. चौथ्या पानावर सातवं कलम आहे. ते मी एप्रिलमध्येच वाचलं होतं, त्याच्या कडेला माझीच पेन्सिलीची खूण आहे. जामीनदाराने कर्ज फिटेपर्यंत नोकरीत राहिलं पाहिजे. मधेच सोडली तर उरलेलं सगळं कर्ज लगेच भरावं लागेल.

पाकीट जड होणार होतं हे खोटं आहे. पाच पानांना तेवढंच तिकीट लागतं. मी पोस्टात विचारलं होतं.

आणि तू पैसे कशासाठी साठवतेस ते मला माहीत आहे. आईने न सांगता माहीत आहे. तुझ्या कॉलेजच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर लिहिलंय, कोर्स अर्धा सोडलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांच्या आत परत येता येतं, त्यानंतर पहिल्यापासून. दोन वर्षं या जुलैत संपतात. तू परत जायच्या तयारीत आहेस. दिवसभराचा कोर्स आहे, नोकरी करून होत नाही. तू सही केलीस म्हणजे नोकरी सोडता येणार नाही, म्हणजे कोर्स गेला. हे सगळं मला चार मे रोजी माहीत होतं आणि मी तुला लिहिलं, फक्त सहीच आहे.

आता दुसरं. हे त्याहून जुनं आहे. मी परवापरवापर्यंत स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

आकडे छापील होते हे खरं. पण पत्रकात दोन आकडे असतात. मोठ्या अक्षरात असते ती सरासरी: सगळ्यांचे पगार एकत्र करायचे आणि सारखे वाटायचे. खाली बारीक अक्षरात मध्यक: सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधल्या माणसाला विचारायचं, तुला किती मिळतात? दोनचार जण परदेशी जाऊन भरपूर कमावत असले की सरासरी उंच जाते. मधला माणूस आहे तिथेच असतो.

माझ्या पदवीची सरासरी होती बेचाळीस हजार. मधल्या माणसाला मिळत होते चोवीस. तुझ्या कोर्सची सरासरी सव्वीस हजार, मधल्याला एकोणीस. काहीच न शिकता आपल्या दोघींना बारा मिळाले असते.

पहिल्या रात्रीच्या हिशेबात मी दोघींची सरासरी घेतली. तुझं कर्ज साडेचार महिन्यांच्या आत फिटत होतं, माझं आठ. म्हणजे शिकायचं ते तू. मग वाटलं, सरासरी फसवी असते, आपण मध्यक घेऊ. दोघींचा घेतला. तुझं नऊ महिन्यांच्या आत, माझं वीस. पुन्हा तूच.

मग मी माझ्या रकान्यात सरासरी ठेवली आणि तुझ्या रकान्यात मध्यक. आठ आणि साडेआठ.

तेव्हा मी मनाशी काय म्हटलं तेही सांगते, नाहीतर अर्धंच कबूल केल्यासारखं होईल. मी म्हटलं, ताई रांगेत मध्येच असणार, आणि मी पुढे असणार. शाळेत पहिली यायचे ना. तुझ्याबद्दल हे मी ठरवलं, एका शब्दानं तुला न विचारता. आणि मला पक्कं माहीत होतं की त्या टेबलाशी ते तपासू शकेल असं कुणी नाही. बाबांना सही करता येते, आईला तीही नाही. तू दहावीनंतर गल्ल्यावर बसलीस. घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी. शिकल्याचा पहिला उपयोग मी हा केला.

विभागात आम्ही तीन कॉलनंतर नावं खोडतो तेव्हा मला ते खटकायचं. मला वाटायचं ते पत्रकाबद्दल आहे. बाईंशी मी त्यावरून वाद घातला. दुसऱ्याच्या पत्रकातली खोट दिसली की किती बरं वाटतं, ताई. अठ्ठ्याऐंशी जणांत तू तर कुठेच नाहीस. तुझ्या कॉलेजच्या यादीतही नाहीस, कारण त्यांच्या यादीत कोर्स पूर्ण केलेलेच असतात. तू कुठल्याच कागदावर नाहीस. फक्त माझ्या आहेस, आणि तिथे मी तुला असं लिहिलं.

सत्तेचाळीस नंबर पुकारला. खिडकीतले कारकून म्हणाले, "या, आणा इकडे." मी म्हटलं, "चार पानं कमी आहेत." ते म्हणाले, "पाच तर दिसताहेत." मी म्हटलं, "सही करणाऱ्या माणसाकडे कमी होती," आणि बाहेर आले. ते मला वेडी समजले असतील.

सोबत सगळा फॉर्म परत पाठवते आहे, सहीसकट. मी फाडला असता. पण सही तुझी आहे, फाडायची तूच. हे पोचेपर्यंत पंधरा तारीख होऊन गेलेली असेल, तेव्हा तुला काहीच ठरवावं लागणार नाही. यावेळी मी ते मुद्दाम केलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

धाकटी


२९ जून

ताई,

पंधरा तारीख गेली. बँकेत मी काही दिलं नाही.

घरी सांगितलं. तिथेच, त्या टेबलाशी. सरासरी आणि मध्यक समजावताना बाबांचं लक्ष लागेना, मग मी वाटाण्यांचे ढीग करून दाखवले. ते मला थांबवून म्हणाले, "म्हणजे तू वजन खोटं केलंस."

मी हो म्हटलं.

ते डाव्या हाताने उजवा खांदा दाबायला लागले. मग म्हणाले, "तीस वर्षं लिफ्टचं काम केलं. माणसं जास्त झाली की लिफ्ट भोंगा वाजवते आणि हलत नाही. पण उतरायचं कुणी, ते लिफ्ट सांगत नाही. मग आतले सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात. कधी कधी पाच पाच मिनिटं. त्या दिवशी तुझ्या कागदानं सांगितलं कुणी उतरायचं ते. आम्हाला बरं वाटलं, पोरी. कुणाकडे बघावं लागलं नाही." आणि खांद्यावरचा हात काढून म्हणाले, "मी तिच्याकडे बघितलंच नाही."

तुझ्याकडे, म्हणजे.

आई उठली आणि कपाटाच्या दाराचा कागद काढायला लागली. चिकटपट्टी निघेना, नखाने खरवडत राहिली. मी म्हटलं, "आई, राहू दे, मी काढते." ती म्हणाली, "मी लावला, मीच काढते. चार प्रती काढल्या होत्या मी. वरचा कागदच चुकीचा असला की मशीन काय करणार, चारही तशाच निघतात." आणि मग एकदम, "एक तिच्याकडे आहे. ती घेऊन हिंडते आहे पोर माझी दोन वर्षं."

रडली नाही. प्लास्टिकचे तुकडे केले, कात्रीने, बारीक.

माझं असं: कॉलेजच्या कचेरीत विचारलं. पदवी पाच वर्षांत पूर्ण केली तरी चालते, म्हणजे मला दोन वर्षांची मोकळीक आहे. ही गोष्ट मी कधी विचारलीच नव्हती. तुझ्याकडे जुलैपर्यंतचा वेळ होता आणि माझ्याकडे दोन वर्षांचा, आणि तरी मी तुलाच घाई करत होते. विभागातल्या बाईंनी मला वर्षभरासाठी पूर्णवेळ घेतलं आहे, महिना तेरा हजार. बँकेला या वर्षी नुसतं व्याज द्यायचं, तेराशे तेहतीस. ते जमतं. पुढच्या वर्षी माझ्या स्वतःच्या पगारपत्रकावर बँक काय म्हणते ते बघेन. नाही म्हणाली तर आणखी एक वर्ष.

वर्गातल्या मुली पुढे जातील. वाईट वाटतं. वाटत नाही असं लिहिलं तर ते पुन्हा तसलंच होईल.

पत्रक छापायला गेलं. बाईंनी शेवटी एक ओळ घातली, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: दोनशे बारापैकी अठ्ठ्याऐंशी जणांनी माहिती दिली. "झालं समाधान?" म्हणाल्या. झालं नाही, पण मी हो म्हटलं. आणि न उचलणाऱ्यांना मी आता चौथ्यांदा फोन करते. माझ्या जेवणाच्या सुट्टीत. काल एकाने उचलला. म्हणाला, "तीनदा वाजला म्हणून वाटलं वसुलीवाले. ते चौथ्यांदा करत नाहीत, थेट येतात."

तू जुलैत गेलीस का हे मला माहीत नाही. आईला माहीत असेल. मी तिला विचारणार नाही. तुला वाटलं तर तू सांगशील.

धाकटी


२४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं. मी ते आई-बाबांना वाचून दाखवलं, सगळं, माझ्याबद्दलचंसुद्धा. आईने ते दोनदा वाचायला लावलं आणि मग दुकानात नेऊन त्याची प्रत काढून आणली. मूळ तिच्या उशीखाली आहे, माझ्याकडे प्रत आहे. तुला चालेल ना?

तू लिहिलंस, "आकडे तू फिरवलेस हे मला कसं कळणार होतं? मला तर वाटलं आपलंच खरंच कमी भरतं. दोन वर्षं मी तेच धरून होते. लॅबमध्ये कुणी काही चांगलं म्हटलं तरी मनात यायचं, साडेआठ. तुझ्यावर मी रागावलेच नव्हते, मोजपट्टी. मला लाज वाटत होती. राग आता आलाय, तुझं जूनचं पत्र वाचून. आता चांगला आलाय."

हे वाचून मी बाहेर जाऊन बसले. मी सगळं मोजलं होतं गं. कर्ज, व्याज, महिने. तू माझ्यावर रागावली असशील असं धरलं होतं, ते मी झेलायची तयारीही केली होती. तू मला खरं मानलं असशील, हे मी कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं.

तू पुढे लिहिलंस की सही केली ती माझ्यासाठी नाही, बाबांच्या खांद्यासाठी. हेही मी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "खांद्याला सांगतो."

आणि मग तू लिहिलंस की अठ्ठावीस जुलैला तू परत गेलीस. मुदत संपायला तीन दिवस उरले असताना. फी सत्तर हजार झाली होती, तुझ्याकडे एकाहत्तर होते. वर्गातल्या मुली तुला काकू म्हणतात. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी तुझे हात बघून विचारलं, प्लास्टर कुठे शिकलात, आणि बाकीच्यांना तुझ्या टेबलाशी उभं केलं. दाढेच्या वरच्या बाजूला डोंगर आणि दऱ्या असतात, आणि खालच्या दाढेचा डोंगर वरच्या दरीत बसावा लागतो, नाहीतर माणूस जेवताना एका बाजूने चावायला लागतो आणि त्याला कळतही नाही का ते. हे तू एक अख्खं पान लिहिलंस. आईने तेवढं तीनदा ऐकलं. बाबांनी तोंड उघडून आरशात बघितलं.

दोन वर्षांपूर्वी मी केलेल्या पानावर हे नव्हतं. त्यासाठी रकानाच नव्हता. आता वाटतं, मी तुला एकदा विचारलं असतं, ताई, तुला हे काम का करायचंय, तर तू हेच पान बोलली असतीस. मग मला आकडे फिरवणं जमलं नसतं.

तू लिहिलंस, "माफ वगैरे मी केलेलं नाही. ते माझ्याकडे राहू दे. घाई करू नकोस."

नाही करत.

फॉर्मचं तू काय केलंस ते लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

शेवटी तू लिहिलंस, फोन सहानंतर कर, तेव्हा वर्ग सुटतो, पण हाताला प्लास्टर असतं, ते वाळायच्या आत धुवावं लागतं. तेव्हा लगेच उचलणार नाही. वाजू दे.

मी उद्या सहा वाजून दहा मिनिटांनी करीन. वाजू देईन. नाही उचललास तर परत करीन. हात नीट धू, सावकाश.

तुझी
मोजपट्टी